पायावरची अंघोळ

माझ्या दोन्ही मुलांना तान्हेपणी मी कधी अंघोळ घातली नाही. पुढे मोठी झाल्यावर बादलीत पाणी काढून दिलं, कानामागचा मळ ओरडून ओरडून काढायला लावला, ते सगळं केलं. पण तेल चोपडलेलं, ओलं, वळवळणारं बाळ हातात आलं की माझे हातपाय गळायचे. ते काम आमच्या आक्काचं होतं.

आक्का म्हणजे माझी मोठी जाऊ. आम्ही दोघी सातारा जिल्ह्यातल्या, एकाच घरात दिलेल्या, आणि दोघींचे नवरे फौजेत. मोठ्या दिरांना मी दादा म्हणते. दोघा भावांना नोकरीच्या शेवटी जयपूर मिळालं आणि गावाकडे जाऊ जाऊ म्हणता म्हणता आम्ही मुरलीपुऱ्यात शेजारीशेजारी प्लॉट घेऊन बसलो. मधल्या भिंतीत एक दार ठेवलं. त्या दारातून वाटीभर आमटी इकडे येते, विरजण तिकडे जातं, आणि भांडण झालं की ते दार दोन दिवस बंद राहतं.

छावणीत असताना मराठी बायकांची बाळंतपणं व्हायची तेव्हा कुणाची आई वेळेवर पोहोचायची, कुणाची नाही. आक्का मात्र असायचीच. सकाळी आपलं आवरून ती त्या घरी जायची, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचून न्हाणीत पाटावर बसायची, पाय लांब करायची आणि बाळाला नडग्यांवर घ्यायची. आधी पालथं, मग उताणं. बेसन, साय, चिमूटभर हळद. पाणी ओतताना डाव्या हाताचा तळवा बाळाच्या कपाळावर वळचणीसारखा धरायची, म्हणजे डोळ्यांत थेंब जात नसे. मग ओव्याची धुरी. त्यानंतर ते मूल असं झोपायचं की आईसुद्धा पोटभर जेवून घ्यायची. माझी दोन्ही पोरं त्याच पायांवर न्हाली. तिचा स्वतःचा मुलगा तर न्हालाच.

तो मुलगा आता इथेच एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. छावण्या आणि केंद्रीय विद्यालयं यांत वाढल्यामुळे त्याचं मराठी लंगडत चालतं. दर वाक्यात एक ‘मतलब’ असतो. त्याची बायको पुण्याची, तीही तसल्याच कंपनीत, शांत आणि नीटस बोलणारी मुलगी. दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुमारास तिला मुलगी झाली आणि आक्काने कपाटावरून पाट काढला. सुनेची रजा संपल्यावर पोर दिवसभर आक्काने सांभाळायची हे ठरवायचीही कुणाला गरज वाटली नाही. ते ठरलेलंच होतं.

आता गोळ्यांचं सांगते.

फौजी घरांत एक डबा असतो. बिस्किटांचा, जुना, झाकणावरचं चित्र उडालेला. बदली झाली की सगळ्या ट्रंका बांधल्या जातात, पण तो डबा बाईच्या हातातल्या पिशवीत असतो. त्यात उरलेल्या गोळ्या असतात. तापाच्या, पोटाच्या, अंगदुखीच्या. दवाखाना आपलाच, औषध घरात आलेलं, मग टाकायचं कशाला? एकीच्या घरचं दुसरीला लागू पडतं. ‘तुमच्याकडे कंबरेची आहे का हो?’ असं आम्ही एकमेकींना विचारायचो, जसं कढीपत्ता आहे का विचारावं तसं. आक्काचा डबा सगळ्यात मोठा, कारण आक्का सगळ्यांत थोरली.

तिचं गर्भपिशवीचं ऑपरेशन झालं तेव्हा झोप लागावी म्हणून डॉक्टरांनी तिला बारीकशी गुलाबी गोळी थोड्या दिवसांसाठी दिली होती. डॉक्टरांनी ‘थोड्या दिवसांसाठी’ हे सांगितलंही होतं. पण थोडे दिवस संपले आणि गोळी राहिली. पुढे एकीच्या दोन झाल्या, मग दुपारची एक वाढली. ती म्हणायची, ‘मला बाई गोळीबिगर जमत न्हाई.’ अगदी ज्या सुरात मी म्हणते की मला चहाशिवाय जमत नाही. तो सूर ऐकून कोण दचकणार?

आणि दचकायला आमच्याकडे दुसरी जागा होती. आमच्या गल्लीच्या मागे छोटे छोटे कारखाने आहेत, त्यातले काही बंद पडलेले. एका बंद शेडमागे पोरं जमायची. रुमालात काहीतरी ओतून हुंगायची, कागदावर काहीतरी जाळायची. येताजाता नळाच्या तोट्या, सायकली, वाळत घातलेल्या चादरी नाहीशा व्हायच्या. त्यांतलं एक पोर आमच्याच कोपऱ्यावरचं, कॉलेज सोडलेलं. बायकांनी मिळून नगरसेवकाकडे जायचं ठरवलं तर पुढे कोण? आक्का. तिने त्या पोराच्या आईला भर रस्त्यात उभं करून झापलं होतं. ‘घर में ध्यान नहीं देतीं क्या आप?’ आक्काचं हिंदी सातारी, पण झापताना चांगलं चालतं. ती बाई पदर सावरत निघून गेली. आम्हा बाकीच्या बायकांना बरं वाटलं होतं, हेही खरं.

आक्का त्या दिवसांत थोडी बदलली होती. दूध उतू जायचं. तीच गोष्ट जेवताना सांगायची आणि ताटं उचलताना परत सांगायची. एकदा अंगणात पडली, कोपर काळंनिळं झालं. आम्ही म्हटलं बीपी. आम्ही म्हटलं वय. राजा पार्कात ती मला घेऊन जायची, ब्लाऊजपिसाला मॅचिंग बघायला. तिथे मला एका दुकानात ओढण्यांच्या ढिगासमोर बसवून ‘आलेच’ म्हणून जायची. एका मॅचिंगला इतक्या फेऱ्या कशाला, असं मी तिला चिडवायचेसुद्धा. ती तिथल्या औषधाच्या दुकानात जात होती, हे मला पुढे कळलं. मुरलीपुऱ्यातल्या दुकानदाराने परत परत द्यायला काचकूच केली होती, म्हणून थोडं सीकर रोडवरून, थोडं राजा पार्कातून, असं ती भागवत होती.

माघातली थंडी होती. जयपूरची थंडी हाडात शिरते, म्हणून आक्का पोरीची अंघोळ ऊन वर आल्यावर काढायची. मी मधल्या दारातून गरम पाण्याचं पातेलं घेऊन गेले. न्हाणीचं दार उघडं होतं. आक्का पाटावर, पोर पायांवर पालथी, आक्काच्या हातात तांब्या. आणि आक्काची मान खाली गेलेली.

मला वाटलं ती वाकून पोरीच्या मानेवरचा मळ बघतेय. मग तांब्या तिच्या हातातून सुटला. पोर नडग्यांवरून घसरली आणि तोंडावर, ओल्या फरशीवर, साचलेल्या पाण्यात गेली. आक्का हलली नाही. मी पातेलं कुठे ठेवलं मला आठवत नाही. पोरीला उचललं, पालथं धरलं, पाठ चोळली, तेव्हा कुठे तिने टाहो फोडला. त्या टाहोने आक्का जागी झाली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, ‘आण इकडं, अजून केस धुवायच्यात.’

तिला कळलंच नव्हतं. ते मला पोर पडण्यापेक्षा भयंकर वाटलं.

पोरीला काही झालं नाही. कपाळाला जरा लागलं होतं. मी तिला पुसलं, गुंडाळलं आणि आक्काला म्हटलं, ‘आक्का, उद्यापासून मी दारात बसते अंघोळीच्या वेळी.’

तिचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता असा झाला. ‘पहारा ठेवतीस व्हय माझ्यावर? तुझी दोन्ही पोरं ह्याच पायावर वाढली. तवा न्हाई बसलीस दारात.’

दुसऱ्या दिवशी मी गेले तर न्हाणीला आतून कडी होती. आत पाण्याचा आवाज येत होता, मध्येच थांबत होता. मी बाहेर कडीकडे बघत उभी राहिले. पाणी थांबलं की मी कान दाराला लावायचे. अंघोळ संपवून आक्का पोरीला घेऊन बाहेर आली आणि माझ्या बाजूने अशी गेली जशी मी तिथे नव्हतेच.

माझ्या तोंडाला कुलूप कधीच नव्हतं, आणि या बाबतीत ते लावायचं मला कारण दिसलं नाही. सून दुपारी मोकळी झाल्यावर मी तिला सगळं सांगितलं. मान गेली ते, तांब्या, फरशी, कडी. आणि गोळ्यांचंही बोलले. ती पोरीचं कपाळ अंगठ्याने चोळत ऐकत राहिली. मग आक्काच्या खोलीत जाऊन म्हणाली, ‘आई, मला तुमचा राग नाही आलेला. पण बाळाला मी उद्यापासून तुमच्याकडे नाही देणार.’

ती किंचाळली असती तर आक्काला बरं पडलं असतं. भांडता आलं असतं. त्याऐवजी दुसऱ्या दिवशीपासून मालिशवाली बाई यायला लागली, रजा संपल्यावर दिवसभराची मावशी ठेवली, आणि आक्का आपल्या खोलीत बसून भिंतीपलीकडे पोर अंघोळीला रडते ते ऐकायची. माझ्याशी तिने बोलणं टाकलं. मधलं दार माझ्या बाजूने उघडं होतं, तिच्या बाजूने बंद.

दादांचं मात्र वेगळंच सुरू झालं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मिशीवरून हात फिरवला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी घराची झडती घेतली. कपाटं, गाद्या, ट्रंका, देवघराखालचा कप्पा. जे जे सापडलं ते पलंगावर ओळीत मांडलं, किट इन्स्पेक्शनला मांडतात तसं. माझे यजमान बाजूला उभे होते, त्यांनी येऊन मला सांगितलं, ‘अर्धा पलंग भरला गं.’ मग दादांनी एकेक पाकीट फोडून गोळ्या संडासात टाकल्या आणि जाहीर केलं, ‘आजपासून बंद. एकदम बंद.’ दादांनी स्वतः बिडी अशीच सोडली होती. रमही. निवृत्तीच्या दिवशी ठरवलं आणि परत हात लावला नाही. त्यांच्या लेखी सुटण्याची दुसरी रीतच नव्हती. आम्हा सगळ्यांना त्यांचं कौतुक वाटलं. फौजेतल्या माणसाचा शब्द म्हणजे शब्द, असं आम्हीच एकमेकांना म्हटलं.

आक्का घामाने भिजू लागली. त्या थंडीत. हात इतके कापायचे की चहाची बशी वाजायची. झोप नाही, जेवण नाही, कुणी भांडं खाली ठेवलं तरी कानांवर हात. दादा म्हणायचे, ‘निघतंय ते अंगातनं. निघू दे.’ आणि मग एका सकाळी ती ओट्यापाशी भाकरी थापत असताना ताठ झाली, मागे कोसळली आणि तिचं सगळं अंग झटके द्यायला लागलं. मी दादांची हाक ऐकून धावले. तव्यावरची भाकरी जळत होती आणि दादा जमिनीवर बसून तिचं डोकं मांडीत धरायचा प्रयत्न करत होते. त्यांचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता.

दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीण होती, आमच्या सुनेच्या वयाची. तिने सगळं विचारून घेतलं आणि मग म्हणाली, ‘ये गोली बंद किसने करवाई?’

दादा सावधानमध्ये उभे राहिले. ‘मैंने।’

‘एकदम?’

‘एकदम। बीड़ी भी मैंने ऐसे ही छोड़ी थी।’

‘सूबेदार साहब, ये बीड़ी नहीं है।’

मग तिने समजावून सांगितलं. इतकी वर्षं ही गोळी घेतली की मेंदू तिच्या हिशेबाने चालायला लागतो. ती अचानक काढून घेतली तर तो असा बिथरतो, जीवसुद्धा जाऊ शकतो. ही सोडायची तर तसूतसूने सोडायची, महिनोन्महिने, डॉक्टरांच्या नजरेखाली. दादांना बाकी सगळं पटलं, एकच पटेना. जी गोळी त्यांनी स्वतःच्या हाताने संडासात टाकली ती आता स्वतः दुकानात जाऊन विकत आणायची आणि बायकोला द्यायची. चिठ्ठी हातात धरून ते दवाखान्याच्या फाटकाशी बराच वेळ उभे होते. मग गेले आणि घेऊन आले.

तेव्हापासून ठरावीक दिवशी आम्ही आक्काला त्या दवाखान्यात नेत असू. दादा आणि मी. माझ्याशी ती बोलत नव्हती, पण रिक्षात तिच्या दुसऱ्या बाजूला कुणीतरी लागायचं, म्हणून मला चालवून घेत होती. व्यसनवाल्यांसाठी तिथे वेगळा वार होता. पहिल्यांदा गेलो तेव्हा आक्का बाकाच्या टोकाला पदर तोंडावर ओढून बसली आणि दादांना म्हणाली, ‘ह्या लोकांत मला कशाला आणून बसवलंय?’

मला आधी वाटलं होतं तिथे शेडमागची पोरं असतील. ती होतीच. पण सांगानेरचा एक छपाईवाला होता, नखांत निळा रंग बसलेला. दिवसभर टेबलाशी उभं राहून पाठ जायची, म्हणून दुखण्याच्या गोळ्या घेता घेता तो त्यांच्यावाचून उठेनासा झाला होता. जोधपूरकडचे एक म्हातारबाबा होते, लग्नामौतीला मान म्हणून तळहातावर दिली जाणारी अफू आयुष्यभर घेत आलेले. खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या पिणारी एक नर्सिंगची मुलगी होती. इस्त्रीच्या शर्टातले एक गृहस्थ होते, ते दर वेळी वर्तमानपत्र उघडून बसायचे आणि पान उलटायचे नाहीत. सगळे एकमेकांकडे चोरून बघत होते आणि प्रत्येकाच्या मनात तेच होतं, आपण ह्यांच्यातले नाही. मी त्या बाकावर आजारी म्हणून बसले नव्हते, तरी मलाही तेच वाटत होतं.

दुसऱ्या की तिसऱ्या खेपेला गर्दी होती. आक्काला बसायला जागा नव्हती. बाकावर बसलेल्या एका बाईने वर पाहिलं, आक्काला ओळखलं, आणि आक्काने तिला. तीच ती, कोपऱ्यावरच्या पोराची आई. तिचा पोरगा शेजारी गुडघ्यांत मान घालून बसला होता. मला वाटलं आता ही बाई रस्त्यातलं सगळं फेडून घेणार. घेतलं असतं तर मी तिला दोष दिला नसता. तिने पोराला कोपराने ढकललं, ‘सरक थोड़ा,’ म्हणाली, आणि आक्कासाठी जागा केली. आक्का बसली. मग आक्काने पदर तोंडावरून काढला आणि विचारलं, ‘नींद आती है इसको?’

‘नहीं आती,’ ती म्हणाली.

‘मेरे को भी नहीं आती।’

घरी गोळी कापायचं काम दादांकडे आलं. आधीच एवढीशी ती गोळी, तिची अर्धी, मग पाव. स्टीलच्या ताटलीत ठेवून, चष्मा कपाळावरून खाली ओढून, ब्लेडने दादा ती कापायचे आणि तुकडा उडाला की जमिनीवर हात टेकून शोधायचे. एकदा आक्का पलंगावरून त्यांना बघत म्हणाली, ‘उभ्या जन्मात कधी एवढी बारीक भाजी चिरून दिली न्हाई मला.’ मधल्या दारापलीकडून मी ऐकलं आणि मला हसू आवरेना. किती दिवसांनी त्या घरातून चेष्टेचा आवाज आला होता.

पण ते महिने कठीणच गेले, हे खोटं कशाला सांगू. प्रत्येक वेळी गोळी कमी केली की आठवडाभर तिचं अंग अंग जळायचं. कूलरचा आवाज सहन व्हायचा नाही आणि जयपूरच्या उन्हाळ्यात कूलर बंद करूनही भागायचं नाही. ती विनाकारण रडायची, मग दादांवर खेकसायची, मग पुन्हा रडायची. मुलगा ऑफिसातून येऊन दारात उभा राहून म्हणायचा, ‘मम्मी, ठीक आहेस ना? मतलब, काही पाहिजे का?’ आणि आक्का म्हणायची, ‘पोरीला आण.’ तो सुनेकडे बघायचा. सून पोरीला घेऊन यायची, आक्काच्या पलंगावर बसवायची आणि स्वतः शेजारी बसून राहायची. एक हात पोरीच्या पाठीमागे धरलेला. आक्काला तो हात दिसत होता.

पोर पालथी पडायला लागली, रांगायला लागली. मला रोज वाटायचं, पोरी, जरा हळू वाढ. पायावरची अंघोळ काही कायमची नसते. मूल उभं राहायला लागलं की ते पाटावर टिकत नाही, त्यानंतर बादली आणि प्लास्टिकचा मग. आक्काला पुन्हा ती अंघोळ मिळणार की त्याआधीच पोर पायावरून उतरणार, एवढाच प्रश्न होता, आणि तो घरात सगळ्यांना माहीत असून कुणी बोलत नव्हतं.

उन्हाळा सरता सरता एका दुपारी मधलं दार तिच्या बाजूने उघडलं. आक्का दारात उभी होती, हातात ओव्याची बरणी. धुरीचा ओवा ती ज्यात ठेवायची तीच.

‘घे,’ ती म्हणाली.

मी झाकण काढलं. ओव्यात हात घातला तर खाली पाकीट लागलं. गुलाबी, पूर्ण भरलेलं.

‘दादांना कसं न्हाई सापडलं?’ मी विचारलं.

‘फौजी गडी. स्वयंपाकघरात त्यास्नी मीठ सापडत न्हाई, ओवा काय सापडतोय.’ मग ती उंबऱ्यावर बसली. ‘तवापासून हाय ते. रोज दुपारी झाकण काढायचं, वास घ्यायचा, परत लावायचं. एकदा न्हाई खाल्ली. पण हाय म्हणून बरं वाटायचं. आज मालिशवाली पोरीला न्हाऊ घालत हुती आणि माझं सगळं ध्यान त्या बरणीत. पोर रडती की हसती ते ऐकूच आलं न्हाई मला. मग म्हटलं, आता ही बरणी तुझ्याकडंच बरी.’

मला तिचा हात धरावासा वाटला आणि मी धरला. पाकीट पुढच्या खेपेला डॉक्टरिणीच्या हवाली केलं. ओवा मात्र आक्काने परत मागून घेतला. चांगला ओवा कशाला वाया घालवायचा, म्हणाली.

भाद्रपद लागता लागता दादांची ताटली धुवून फडताळात गेली. शेवटी शेवटी ते ब्लेडने जे कापत होते ती नुसती कणी होती. ती कणीही डॉक्टरिणीने बंद केली आणि आक्काला सांगितलं, झोप कधी येईल, कधी नाही येणार, न आली तर भिऊ नका. आणि कुणी प्रेमाने डबा उघडून गोळी देऊ केली तर घेऊ नका. बिस्किटांचा डबा सुनेने कधीच रिकामा करून त्यात शेव भरली होती.

त्यानंतरच्या एका रविवारी मी त्यांच्या अंगणात कपडे वाळत घालत होते. आमच्या दोरीवर जागा नव्हती. सून न्हाणीपाशी आली, कडेवर पोर, हातात तेलाची वाटी. पोर आता भिंतीला धरून उभी राहायची, कधीही हात सोडेल अशी. मालिशवाली यायची वेळ टळून गेली होती. सुनेने तिला येऊ नको म्हणून सांगितलं होतं, हे मला मागाहून कळलं. आक्का खोलीतून बाहेर आली, तर सून तिच्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, ‘आई, आज तुम्ही घाला.’

आक्काने आपले दोन्ही हात पुढे धरले आणि पाहिले. सुनेनेही पाहिले. मग आक्का आत गेली, कपाटावरून पाट काढला, धुतला, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलं आणि बसली. पाय लांब केले. पोर काही पहिल्यासारखी मुठीएवढी राहिली नव्हती. पालथी घातली तर दोन्हीकडून बाहेर येत होती आणि लाथा झाडत होती. सून पाणी आणायला स्वयंपाकघरात गेली.

मी मान वळवून घेतली. त्या थंडीतलं मला आठवत होतं, आणि तिलाही आठवत असणार. आज तिच्या मानाचा दिवस होता. मी बादली उचलली आणि मधल्या दाराकडे निघाले.

‘कुठं निघालीस?’ न्हाणीतून आक्का म्हणाली.

‘कपडे झाले. जाते.’

‘जातीस कशाला? दारात बस.’

मी बादली खाली ठेवली आणि न्हाणीच्या उंबऱ्यावर बसले. आक्काने डावा तळवा पोरीच्या कपाळावर धरला, उजव्या हाताने तांब्या उचलला. पाणी अंगावर पडताच पोर किंचाळली आणि मग हसायला लागली. आक्काने मान वर केली नाही.

‘बघतीस न्हवं?’ तिने विचारलं.

‘बघतीय,’ मी म्हटलं.